बॅग कुणाच्या काखेत

माझ्या नवऱ्याने घरात मिक्सर आणायला अख्खा उन्हाळा घालवला. आधी शेजारपाजारचे मिक्सर पाहिले, मग नेटवर लोकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचल्या, मग लक्ष्मी रोडला जाऊन प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून-लावून बघितलं, आणि घरी येऊन म्हणाला, अजून थोडं थांबू. तोवर मी खलबत्त्यात चटण्या कुटत होते आणि त्याच्या नावाने बोटं मोडत होते. हा माणूस भेंडी घेताना एकेकीचं टोक मोडून बघतो. हिंजवडीच्या एका कंपनीत तो टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी कुठे कुठे फसेल ते शोधायचं, याचा त्याला पगार मिळतो. घाई म्हणून त्याच्या अंगात नाहीच. अशा माणसाने आम्ही घरासाठी साठवलेले सगळे पैसे फोनवरच्या जुगारात घालवले, आणि त्यातला एकेक निर्णय पापणी लवायच्या आत घेतला.

मला आधी वाटलं, बाई आहे. फोन पालथा ठेवायचा, मधेच खुशीत यायचा, मधेच दोन-दोन दिवस गप्प. मी त्याच्या शर्टाचे वासही घेतले, खोटं कशाला सांगू. दुसरीकडे वारज्यातल्या एका नव्या इमारतीत फ्लॅट बुक करायचा म्हणून बिल्डरचे फोन येत होते आणि हा रोज पुढे ढकलत होता. मी म्हटलं, बिल्डरच्या भेंडीचं टोक मोडून बघतोय, बघू दे. शेवटी एका शनिवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बुकिंगला पैसे नाहीत. मी विचारलं, म्हणजे कमी पडतायत? तो म्हणाला, नाहीतच. माझ्या हातात ओली चादर होती. ती मी त्याच्या अंगावर फेकली. त्याने ती झेलली, पिळली आणि दोरीवर टाकली. त्याचाही मला राग आला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुरुवात कंपनीच्या बसमध्ये झाली होती. वारज्याहून बस निघते, आणि वाकडच्या पुलाखाली जी उभी राहते ती राहतेच. आधी ऑफिसातल्या पोरांबरोबर क्रिकेटच्या टीम लावणं झालं, अगदी चहाच्या पैशांत. मग रमी. मग कुठलं तरी असं ॲप मिळालं की ज्यात पुढच्या चेंडूवर काय होणार यावर पैसे लावायचे. बस जागची हलायची नाही आणि याचा अंगठा थांबायचा नाही. हे मला कळल्यावर थोड्याच दिवसांत असल्या खेळांवर बंदीचा कायदा आला आणि त्याचं ते ॲप बंद झालं, तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. तो खाली मान घालून म्हणाला, दुसरी आहेत.

मी शाळेत गणित शिकवते. साहजिकच मी त्याला गणित समजावायला बसले. शक्यता म्हणजे काय, शेवटी जिंकणार तो ॲपवालाच, तू कितीही हुशार असलास तरी. चांगला कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या उदाहरणातली एक चूक दाखवली. म्हणाला, हे मला तुझ्याहून जास्त येतं. मग मी ओरडले, येतं तर खेळतोस कशाला, ठरवतोस तरी कसा? यवतमाळचा आहे तो. पुण्यात इतकी वर्षं काढून भाषा अगदी आमच्यासारखी केली आहे, पण आतून हललं की तिकडचं तोंडात येतं. म्हणाला, "मी ठरवून नाही राहिलो. हातच ठरवून राहिला."

तेव्हा मला वाटलं, कसली सोयीची सबब आहे. हातच ठरवतो म्हणे. मग माझ्याही हाताने काही ठरवलं तर?

पुढे एरंडवण्यातल्या एका समुपदेशक बाईंकडे आम्ही जायला लागलो. बाई बोलायच्या कमी, विचारायच्या जास्त. त्यांनी त्याला ते सबंध सांगायला लावलं, म्हणजे पैसे लावण्याआधीचं सगळं. त्या क्षणी काय वाटतं, हे त्याला सांगताच येईना. तिथे काही वाटतच नाही, असं तो म्हणायचा. अंगठा उठतो तेव्हा डोक्यात काही नसतं. हरल्यावर मात्र डोकं जागं होतं आणि म्हणतं, आत्ताचं तेवढं परत मिळव आणि बंद कर. थोडक्यात हुकलं तर अजूनच वाईट, कारण थोडक्यात हुकलेलं त्याला हरल्यासारखं वाटायचंच नाही, जिंकता जिंकता राहिलं असंच वाटायचं. बाई म्हणाल्या, मग तिथे जाऊन स्वतःला अडवायचा हट्टच सोडा. तिथे तुम्ही नसताच. तुम्ही जिथे असता, तिथे निर्णय घ्या. बसमध्ये शेवटच्या सीटवर एकट्याने बसायचं की पुढे कुणाशेजारी, हा निर्णय तुम्ही घेऊ शकता. स्कोअर बघायचा की नाही, इथवरसुद्धा तुम्ही असता. त्याच्या पुढे गेलात की हातावर सोपवलंत.

मला हे पटलं. पटल्याचं मला वाईटही वाटलं, कारण इतके दिवस मी त्याला मनसोक्त शिव्या घालत होते आणि त्यात एक समाधान होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी ठरवून दिलं की ओढ लागली की त्याने मला फोन करायचा आणि मी त्याच्याशी कशाहीबद्दल बोलायचं, भाजी, पाऊस, शाळेतली पोरं, काहीही. ओढ येते तशी जाते, तेवढा वेळ काढायचा. आणि त्या काळात टोमणे मारायचे नाहीत. मी म्हटलं, बाई, मी नारायण पेठेत वाढले. जेवण बंद सांगा, जमवते. त्या हसल्या, पण अट काही मागे घेतली नाही.

तर आमचं असं सुरू झालं. पगार माझ्या खात्यात, त्याच्या खिशात बसचा पास आणि डबा. दुपारी कधीतरी फोन यायचा आणि तो म्हणायचा, काय चाललंय? मला कळायचं. मधल्या सुट्टीत पोरांच्या गोंगाटात उभी राहून मी त्याला आमच्या मुख्याध्यापिका नव्या साडीत कशा दिसतायत ते सांगायची. एकदा मात्र त्याचा फोन आला तेव्हा माझ्यापुढे पेपरांचा ढीग होता आणि माझ्या तोंडून गेलं, काय, आज कुठला सामना? तो म्हणाला, काही नाही, सहजच केला होता. त्या दिवशी त्याने कुणाकडून तरी उसने घेऊन लावले आणि घालवले. घरी येऊन स्वतःच सांगितलं. आपलेच दात नि आपलेच ओठ.

हे सगळं माझ्या माहेरी कुणालाही माहीत नव्हतं. मी कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात ना. आणि माझ्या बाबांपुढे ती मूठ उघडायची म्हणजे विचारायलाच नको.

बाबा विमा कंपनीतून निवृत्त झाले. त्यांच्या मते पुण्याची हद्द हडपसरला संपते आणि पुढे एकदम नागपूरची संत्री लागतात. यवतमाळच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर ते नाही म्हणाले नाहीत, फक्त पेपर उघडून बसले. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते त्याच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोललेच नाहीत. सुरुवातीला एकदा तो बोलता बोलता म्हणाला, काय करून राहिले बाबा? बाबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, करून कुठे राहिलो? तेव्हापासून नवरा त्यांच्यापुढे तोलून-मापून बोलायला लागला. पण चिकाटी सोडली नाही त्याने. बाबांचा फोन बिघडला की तो, आईचे रिपोर्ट आणायला तो, कधी कुठल्या गोष्टीचं भांडवल करायचा नाही. बाबा शेजाऱ्यांपाशी त्याचा उल्लेख 'आमचे जावई' असा करायला लागले, हे मला शेजाऱ्यांकडूनच कळलं. नवऱ्याला सांगितलं तर त्या दिवशी त्याने दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाले का?

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

आमच्या घरच्या लग्नात एक बॅग असते. काळी, चामड्याची, काखेत मावेल एवढी. गुरुजींची दक्षिणा, सनईवाले, हारवाला, कार्यालयाची राहिलेली रक्कम, आचाऱ्याच्या माणसांची बक्षिसी, सगळं त्यातून जातं. आणि स्टेजवर आलेली आहेराची पाकिटं तिच्यातच येतात. कन्यादानाला बसलेल्या बापाला मधेच उठता येत नाही, म्हणून बॅग दुसऱ्या कुणाकडे द्यावीच लागते. ज्याच्याकडे ती असते तो दिवसभर ती खाली ठेवत नाही, सगळ्यांच्या शेवटी जेवतो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. माझ्या लग्नात ती मोठ्या काकांकडे होती. सगळ्यांच्याच लग्नात त्यांच्याकडे असायची. आता काकांचे गुडघे गेले.

बहिणीचं केळवण आई-बाबांच्याच घरी होतं. मसालेभात झाला होता, मठ्ठा फिरत होता, तेव्हा बाबा कुणाकडेही न बघता म्हणाले, बॅग यंदा जावईबापूंकडे. एवढंच, आणि पुढचा घास घेतला. आईचा वाढता हात थांबला. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. तो हो बाबा म्हणाला आणि ताटातल्या मिठाकडे बघत राहिला. मला भरून आलं होतं, खरं सांगते. त्या क्षणी मला दुसरं काहीही आठवलं नाही. मी आळूची भाजी परत वाढून घेतली.

घरी जाताना स्कूटरवर तो वारज्यापर्यंत बोलला नाही. मला वाटलं आनंदात असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यापाशी नारळ खवत असताना म्हणाला, मी बॅग घेणार नाही.

मी म्हटलं, अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे. आणि कितीतरी महिने झाले, तू कुठे खेळलायस? आणि ते रोख पैसे आहेत, फोनवर थोडेच आहेत? तो खवणीवरून उठला. म्हणाला, रोख असलं म्हणून काय झालं? कार्यालयात समोर दिसेल त्याला म्हणायचं, एवढी रोख घ्या आणि मला फोनवर टाका. लग्नात जावयाला नाही कोण म्हणणार? क्रिकेटचा मोसम असणार तेव्हा. सगळ्यांच्या फोनवर सामना चालू असेल. मी म्हटलं, मी असेन ना शेजारी. तो म्हणाला, तू दिवसभर लग्न बघशील की माझा खिसा?

मग तो जे म्हणाला ते मी विसरलेले नाही. "आज मला 'नाही' म्हणता येऊन राहिलं. बॅग काखेत आल्यावर नाही येणार. म्हणून आजच म्हणतो."

त्याचं बरोबर होतं. पण 'नाही' म्हणायचं म्हणजे कारण सांगावं लागणार. मी त्याला कारणं पुरवायला लागले. पाठ धरली आहे म्हण. ऑफिसचं काही तरी निघालंय, मधेच जावं लागेल म्हण. तुझ्या आईची तब्येत, ती कार्यालयात असणार आहे, तिच्याकडे लक्ष द्यायचंय म्हण. हे तर मला इतकं झकास वाटलं की मी स्वतःवरच खूश झाले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, नको. मी एक खोटं बोललो की मला पुढच्याला जागा होते. इतके दिवस तसंच तर चाललं होतं.

आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुला काय, तू सांगून मोकळा होशील, नारायण पेठेत तोंड मला दाखवायचंय. इतकी वर्षं लागली बाबांना तुला आमचे जावई म्हणायला, आणि तू एका वाक्यात त्यावर पाणी ओतणार. धाकटीचं लग्न आहे, तिच्या सासरी कळलं तर? आणि माझं काय? बोलायला लागले की मी थांबत नाही, भांडी वाजवत वाजवत सगळं बोलले. तो म्हणाला, हो, तेही आहे. भांडताना समोरच्याने कबूल केलं की काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी खवलेला नारळ उचलून फ्रिजमध्ये टाकला आणि जेवायला खिचडी केली.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. बाबा लग्नासाठी आणलेले नवे बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारत होते, चावू नयेत म्हणून. बहीण पार्लरमध्ये गेली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. माझ्या मनात होतं, चहा होऊ दे, मग विषय काढू. पण तो खुर्चीवर बसलासुद्धा नाही.

"बाबा, बॅग माझ्याकडे देऊ नका," तो म्हणाला. "मला जुगाराचं व्यसन आहे."

बाबा थांबले. म्हणाले, जुगार म्हणजे काय, पत्ते? तो म्हणाला, पत्तेही आणि क्रिकेटही, फोनवर. बाबांनी विचारलं कधीपासून, त्याने सांगितलं. बाबांनी विचारलं पैसे किती गेले, त्याने आकडा सांगितला. आईच्या हातातला लसूण खाली पडला. बाबा बसले आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. नाड्या नव्या होत्या, गाठ सुटेना. कुणीच त्यांना मदत केली नाही. मग त्यांनी वर बघितलं, ते माझ्याकडे.

"तुला हे ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं.

"आणि केळवणाला तू आळूची भाजी परत वाढून घेतलीस."

मी लहानपणापासून त्यांच्या अशा वाक्यांनी गार होत आले आहे. मग ते त्याच्याकडे वळले आणि विचारलं, आता खेळता का. तो नाही म्हणाला. बाबा म्हणाले, मग बॅग घ्यायला हरकत काय आहे? मला वाटतं, ते त्याला एक वाट काढून देत होते. ज्याला जरा समजतं त्याने ती घेतली असती. मी मनात म्हटलं, घे रे, घे, काहीतरी गुळमुळीत बोल आणि सुटू.

"आता खेळत नाही," तो म्हणाला, "कारण जवळ पैसे नसतात."

बाबा ठीक आहे म्हणाले आणि एका पायात बूट तसाच ठेवून आतल्या खोलीत गेले. एरवी आम्ही निघालो की ते जिन्यापर्यंत येतात. त्या दिवशी आले नाहीत. आईने नुसतं दार लावलं. खाली आल्यावर मी स्कूटर काढली. तो मागे बसला आणि त्याने एक मोठा श्वास सोडला. मला त्याचा खूप राग आला आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. रस्त्यावर दोन्हीची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाबांचा फोन आला. म्हणाले, बॅग तू घे. मी म्हटलं, मी? पैठणी नेसून? ते म्हणाले, पैठणीला काख नसते का, आणि फोन ठेवला. आमच्या घरात इतकी लग्नं झाली, पण बॅग बाईकडे द्यावी हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते यायला एवढं सगळं व्हावं लागलं.

लग्नात सकाळपासून बॅग माझ्या काखेत होती. सनईवाल्याला दिले, हारवाल्याला दिले, गुरुजींशी दक्षिणेवरून गोड बोलून घासाघीस केली. आत्याने विचारलंच, जावयांकडे देणार होते ना दादा? मी म्हटलं, त्यांना दुसरं काम दिलंय. दिलं होतंच. वयस्कर मंडळींना धरून आणायचं, खुर्च्या द्यायच्या, पाणी द्यायचं. तो ते मन लावून करत होता. माझ्या मोठ्या काकांना त्याने अक्षरशः उचलून पहिल्या रांगेत आणून बसवलं.

मंगलाष्टकं झाली, लोक स्टेजवर यायला लागले. नवऱ्यामुलाचे मित्र खाली एका कोपऱ्यात फोनभोवती गोळा झाले होते. सामना चालू होता. पुढच्या चेंडूला काय होणार यावर त्यांच्यात पैजा लागल्या होत्या, हरेल त्याने आइस्क्रीम आणायचं, असलं काहीतरी. मधेच ओरडायचे. मी स्टेजच्या कडेला उभी राहून पाकिटं बॅगेत टाकत होते आणि मला दिसलं की नवरा पाण्याचा ट्रे घेऊन त्यांच्याजवळ थांबलाय. ट्रे रिकामा होता. तो तिथे फार वेळ उभा होता असं नाही. मग त्याने ट्रे खुर्चीवर ठेवला आणि सरळ स्टेजवर चढून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, चांगलं धारदार होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, आत्याचा शालू बघितलास? पडद्याचं कापड वाटतंय. तो हो म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बॅग त्या हाताला घे."

मी बॅग दुसऱ्या काखेत घेतली. गर्दी ओसरेपर्यंत तो तसाच मला चिकटून उभा होता. लोक येऊन बहिणीला आशीर्वाद देत होते आणि आमच्याकडे बघून म्हणत होते, इतक्या वर्षांनीही कसे जोडीने उभे आहेत बघा. फोटोवाल्यानेही आमचा एक फोटो काढला. बरा आलाय.

लग्नानंतर बाबा त्याच्याशी अतिशय नम्रपणे वागायला लागले. बाबा कुणावर नाराज असले की 'आपण'वर येतात. आपण चहा घेणार का, आपण बसा. नवऱ्याला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी त्याने दाखवलं नाही. पण मला सहन होईना ते दुसरंच. आम्ही रविवारी जायचो. बेल वाजवायची, आई दार उघडायची, आम्ही चपला काढायचो, आणि बाबा उठून आतल्या खोलीत जायचे. मग तिथून लोखंडी कपाटाचं हँडल खडाक करून फिरवल्याचा आवाज यायचा आणि त्यामागून किल्ली. त्या कपाटाला मी आयुष्यात कधी दिवसाढवळ्या कुलूप लावलेलं बघितलं नव्हतं. लावायचंच तर आम्ही येण्याआधी लावा, आम्ही यायची वेळ काय ठाऊक नसते? की त्याला ऐकवल्याशिवाय जेवण जात नाही? दर रविवारी मी मनात हेच बोलायची आणि वरून कोशिंबीर वाढायची. नवऱ्यापाशी हा विषय काढायची मला लाज वाटायची. त्याने तो आवाज ऐकला नसेल असं मी स्वतःला समजावत होते. न ऐकायला तो काही बहिरा नव्हता.

एका रविवारी जेवणाआधी आईने त्याला दही आणायला खाली पाठवलं आणि मी बाबांना धरलं. म्हटलं, हे तुम्ही काय चालवलंय? तो माणूस आपणहून तुमच्यासमोर येऊन सगळं सांगतो, आणि तुम्ही त्याच्या तोंडावर कपाटाला कुलूप लावता? घरच्या माणसाला असं वागवतात? त्यापेक्षा आम्हाला येऊ नका म्हणून सांगा, आम्ही नाही येणार. माझा आवाज चढला होता. आई मधे पडायला आली, तिलाही मी बाजूला केलं.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी तो घडी करून ठेवला.

"त्यांनीच सांगितलंय," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर एकटे आले होते. म्हणाले, मी आलो की कपाटाला कुलूप लावत जा, आणि मला ऐकू येईल असं लावा."

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"मला आवडतं असं वाटतं का तुला? त्या दिवसापासून मला त्यांना काय म्हणून हाक मारावी ते कळत नाही. पण तो आवाज ऐकेपर्यंत ते माझ्या घरात पाणीसुद्धा घेत नाहीत. तू कधी पाहिलं नाहीस?"

मी पाहिलं नव्हतं. इतक्या रविवारांत मी फक्त कपाटाकडे कान लावून बसले होते.

तेवढ्यात बेल वाजली. आई दार उघडायला गेली. कपाट बाबांनी मघाशी लावलेलंच होतं, तरी ते किल्ली घेऊन उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी पेल्यात भरलं आणि आवाज येईपर्यंत ओट्यापाशी थांबले.